एग-मॉर्त : समुद्र, तट आणि स्मृती

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या मुखप्रदेशाच्या पश्चिमेस, दलदली व मिठागरे यांच्या मधोमध एग-मॉर्त नावाचे एक लहानसे तटबंद नगर आहे. ‘मृत जले’, म्हणजे साचलेले, प्रवाहहीन पाणी, असा या नावाचा अर्थ होतो. नगराचा चौकोनी तट जवळजवळ पूर्णावस्थेत उभा आहे. समुद्र मात्र तेथून सुमारे ६ किलोमीटर दूर आहे. बंदर म्हणून वसविलेल्या नगराची ही स्थिती कशी झाली? ‘समुद्र मागे हटला’ हे या प्रश्नाचे प्रचलित उत्तर. या उत्तराची, आणि त्या अनुषंगाने वास्तुरूप अवशेष हे इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत पुरेसे असतात याची चर्चा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

तेराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या राजसत्तेस भूमध्य समुद्रावर स्वतःचे असे बंदर नव्हते. सावरकरांच्या १९१० मधील उडीमुळे मराठी वाचकांस परिचित असलेले मार्सेय त्या काळी प्रोव्हान्स या वेगळ्या राज्यप्रदेशात मोडत असे, तर मोंपेलिएवर आरागॉनच्या राजाचे स्वामित्व होते. १२२९ च्या पॅरिसच्या तहाने पूर्व लांगदोकचा प्रदेश राजाकडे आला व किनाऱ्याची एक अरुंद पट्टी हाती लागली. नवव्या लुईने साल्मोदीच्या बेनेडिक्टाइन मठाकडून येथील जमीन मिळविली आणि १२४६ मध्ये सनद देऊन रहिवाशांस करमाफी व अन्य सवलती बहाल केल्या. दलदलीत माणसे वसवावयाची तर असे आमिष आवश्यकच होते. याच बंदरातून लुई १२४८ मध्ये आणि पुन्हा १२७० मध्ये धर्मयुद्धास निघाला. दुसऱ्या मोहिमेत ट्यूनिस येथे त्याचा अंत झाला.

लुईच्या काळातील प्रमुख वास्तू म्हणजे सुमारे ६ मीटर जाडीच्या भिंतींचा कॉन्स्तांस बुरूज. तट मात्र त्याने बांधलेला नाही. १२७२ मध्ये तिसऱ्या फिलिपने गुल्येल्मो बोक्कानेग्रा या जेनोवाच्या गृहस्थाशी त्यासंबंधी करार केला आणि चौथ्या फिलिपच्या कारकिर्दीत, १३०० च्या सुमारास, काम पुरे झाले. तटाची लांबी १,६३४ मीटर आहे.

आता समुद्राविषयी. तटाच्या पायथ्याशी खुल्या समुद्राच्या लाटा आदळत होत्या, ही समजूत निराधार आहे. तेराव्या शतकातही किनारा नगरापासून दूरच होता. खाजणे व खोदलेले कालवे यांतून नगराशी जलमार्ग राखलेला होता. ऱ्होनच्या गाळाने हे मार्ग सतत भरत, आणि ते उपसण्यास श्रम व द्रव्य लागे. हा खर्च करण्याचे राजकीय प्रयोजन १४८१ मध्ये प्रोव्हान्स फ्रान्सला जोडला गेला तेव्हा उरले नाही. कारण मार्सेयचे नैसर्गिक बंदर आता राजाचेच झाले. तात्पर्य, एग-मॉर्तच्या ऱ्हासाचे कारण गाळाइतकेच राजसत्तेच्या बदललेल्या गरजेत शोधले पाहिजे. पुढे १८७९ मध्ये किनाऱ्यावरील ल ग्रो-द्यु-र्वा ही वस्ती स्वतंत्र नगरपालिका झाली, आणि नगराचा समुद्रकिनारा कायद्यानेही वेगळा झाला. या ऱ्हासामुळेच तट वाचला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. भरभराटलेल्या शहरांनी विस्तारासाठी आपले तट पाडले. येथे तशी निकडच उद्भवली नाही.

बंदराचे महत्त्व गेल्यावर बुरुजाचे तुरुंगात रूपांतर झाले. १६८५ मध्ये नान्तचा धर्मसहिष्णुतेचा फतवा रद्द झाल्यानंतर ह्यूगेनॉट पंथीयांस येथे कोंडण्यात येऊ लागले. मारी द्युराँ ही स्त्री १७३० पासून १७६८ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे, येथे बंदिवान होती. धर्मत्याग केल्यास सुटका शक्य होती; तिने तो केला नाही. बुरुजातील दगडी कठड्यावर ‘प्रतिकार करा’ या अर्थाचा एक शब्द कोरलेला आहे. परंपरा तो तिचाच मानते.

हे स्मरण दगडाने जपले. दुसऱ्या एका घटनेस तसा आधार लाभला नाही. नगराचे खरे उपजीविकेचे साधन मीठ. मीठ उचलण्याच्या हंगामात फ्रेंच व इटालियन मजूर एकत्र राबत. मजुरी कामाच्या मापावर मिळे, आणि त्यामुळे सोबत्याच्या संथपणाबद्दल कुरबुरी होत. ऑगस्ट १८९३ मध्ये अशाच एका भांडणात फ्रेंच मजूर मारले गेल्याची खोटी वार्ता पसरली. १७ ऑगस्ट रोजी जमावाने इटालियनांवर हल्ला केला. अधिकृत नोंदीनुसार ८ जण ठार झाले. इटलीत फ्रान्सविरोधी दंगली उसळल्या. तरीही डिसेंबरमध्ये आंगुलेम येथील खटल्यात सर्व आरोपी निर्दोष सुटले. जेरार न्वारिएल या इतिहासकाराने २०१० मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्या तटाचा करार एका जेनोवावासीयाशी झाला, त्याच तटाच्या परिसरात सहा शतकांनंतर इटालियन मजुरांची शिकार व्हावी, हा योगायोग विषण्ण करणारा आहे.

एग-मॉर्तचा तट पाहून राजाचे धर्मयुद्ध आठवते, बुरूज पाहून मारी द्युराँ आठवते. मिठागरे पाहून ते आठ मजूर आपोआप आठवत नाहीत. त्यांच्यासाठी न्यायालयाचे कागद, वृत्तपत्रे व शासकीय पत्रव्यवहार धुंडाळावे लागतात. जे टिकले तेवढाच वारसा, असे मानणाऱ्या अभ्यासकास या नगराचा अर्धाच इतिहास दिसेल. उरलेला अर्धा त्याने कागदांतून उभा केला पाहिजे.