म्हाताऱ्यांची शुश्रूषा : माणसे आपल्याच गावात घडवावी लागतील



लागण, खोडवा, ठिबक यांवर आपल्या पत्रिकेत नेहमीच लिहिले जाते. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण घरोघरचा आहे. गट कार्यालयात उसाची नोंद द्यायला आलेला सभासद नोंद झाल्यावरही घुटमळतो आणि हळूच विचारतो, "आबांना बघायला एखादा माणूस मिळंल का हो?" आबांना अर्धांगवायू झालेला असतो, नाहीतर पडून खुब्याचे हाड मोडलेले असते. मुलगा चाकणला कंपनीत, मुलगी सासरी, घरात सत्तरी ओलांडलेली म्हातारी. पैसे द्यायची तयारी असते. माणूस नसतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसे सुमारे १ कोटी ११ लाख होती, म्हणजे दर शंभरात जवळजवळ दहा. त्यानंतर हा आकडा वाढलाच आहे. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन कारखान्याचे पहिले भाग घेतले, त्यांतले जे हयात आहेत तेही याच वयाचे.

आजवर हे सगळे सुनेने केले, हे मोकळेपणी कबूल करायला हवे. सकाळी धार, मग स्वयंपाक, मग रान, आणि मधल्या वेळेत सासऱ्यांचे आंघोळपाणी, कपडे, जेवण. तिला कुणी शिकवले नाही, सुट्टी दिली नाही आणि तिच्या पाठीचे काय झाले तेही विचारले नाही. आता सूनही नोकरीला जाते किंवा शहरात राहते. त्यात तिला दोष देण्यात अर्थ नाही.

मग लोक शहरातल्या ब्युरोला फोन करतात. ब्युरोची बाई खेड्यात यायला नाखूश. आली तर तिचे खाणे-राहणे आले, आणि महिन्या-दोन महिन्यांत ती निघून जाते. त्यातून ती शिकलेली असेलच याची खात्री नाही.

"यात शिकायचं काय? आपल्या माणसाचं करायचं, त्याला काय शाळा लागते?" असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगतो. पडून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचेवर आणि खुब्यावर जखमा होतात. कातडी लाल दिसली की घरचे लोक तिथे तेल चोळतात. ते नेमके उलटे आहे. चोळल्याने आतली नाजूक कातडी आणखी दुखावते, तिथला भार काढायचा असतो. पडल्या-पडल्या पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून टेकून बसवून, घोट-घोट पाजायचे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवायचे. लुळा हात धरून कधी ओढायचे नाही, खांदा निखळतो. लघवीची पिशवी ओटीपोटाच्या खाली ठेवायची. मधुमेहाच्या म्हाताऱ्याला एकाएकी घाम सुटला आणि तो असंबद्ध बोलू लागला तर साखर उतरलेली असण्याचा संभव असतो. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यायचे. (साखर कारखान्याच्या सभासदाच्या घरी एवढे तरी निघेलच.) तोंड वाकडे झाले, हात उचलेना, जीभ अडखळू लागली तर देवऋषी नको, गाडी काढायची. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

हे सगळे शिकता येते आणि त्यासाठी फार शिक्षण लागत नाही. जामखेडचा दाखला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये त्या दुष्काळी मुलखात काम सुरू केले. डॉक्टर खेड्यात राहीनात, नर्सही टिकेनात. तेव्हा त्यांनी गावालाच सांगितले, तुमच्यातली एक बाई निवडा. निवडून आलेल्या बायका बहुतेक निरक्षर, काही दलित, काही टाकलेल्या. त्यांना जामखेडला नियमाने बोलावून शिकवले. सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र झोपत. सुरुवातीला गाव हसले, "हिला काय कळतंय?" पण त्याच बायकांनी बाळंतपणे सुखरूप केली, मुलांचे जुलाब थांबवले, क्षय आणि कुष्ठरोगाचे रोगी हुडकून औषधाला लावले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडात शिक्षण एकदाच देऊन प्रमाणपत्र हातात ठेवले नाही, बायका पुन्हा पुन्हा येत राहिल्या. आपण नेमकी हीच गोष्ट विसरतो.

दुसरा दाखला केरळचा. कोझिकोडला १९९३ मध्ये असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्यासाठी एक छोटे क्लिनिक निघाले. पुढे तिथे शेजारपाजारच्या साध्या माणसांना शिकवून त्यांच्या मदतीने घरोघर सेवा सुरू झाली. २००८ मध्ये केरळ सरकारने याचे धोरण केले आणि ग्रामपंचायतींनी त्यात भाग घेतला. आज तिथे पंचायतीची नर्स अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी ठरलेल्या वारी जाते.

आपल्याकडे काय आहे? सत्तरीपुढच्या सर्वांसाठी २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. चांगली गोष्ट आहे, कार्ड काढले नसेल तर काढून घ्या. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर चालते. घरी आल्यावर कूस कोण बदलणार, ते त्यात नाही. आशाताईंवर हेही टाकावे असे काही जण सुचवतात. त्यांची पाठ आधीच वाकली आहे, आणि सरकार त्यांना स्वयंसेविका समजून कामागणिक मोबदला देते. त्यांच्यावर आणखी बोजा नको.

गावची पोरे मात्र हेच काम करायला परदेशी जायला तयार आहेत. इंग्लंडने २०२२ मध्ये या कामासाठी बाहेरची माणसे घ्यायला दार उघडले आणि जुलै २०२५ मध्ये नवी भरती बंद केली, आपलीच माणसे तयार करू म्हणाले. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी आपल्या शासनाने २०२४ मध्ये कुशल माणसे पाठवण्याचा करार केला, त्यात शुश्रूषेचे कामही आहे. जाणाऱ्याने जरूर जावे, फक्त एजंटाला शेत गहाण टाकून पैसे देऊ नयेत. पण जर्मनीच्या म्हाताऱ्यासाठी माणूस तयार होतो आणि आपल्या गटातल्या म्हाताऱ्यासाठी होत नाही, हे मनाला लागते.

आता कारखान्याने काय करावे, यासंबंधी थोडे. सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रमांत जनरल ड्यूटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड हे आहेत. ते परिसरातल्या एखाद्या चांगल्या रुग्णालयाच्या सहकार्याने आपल्याकडेच चालवता येतील. निवड गावाने करावी. विधवा, परित्यक्ता आणि ऊसतोडीला जाणे सोडू पाहणाऱ्या बायकांना आधी घ्यावे. पुरुषांनाही घ्या. ऐंशी किलोच्या पैलवान आजोबांना उचलायला बळ लागते, आणि पुष्कळ म्हातारे बाईच्या हातून आंघोळ घ्यायला लाजतात. जात विचारणारे घर असेल तर त्या घरी सेवा द्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करावे.

घराघरात एकटीने काम करणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेचाही विचार व्हावा. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा घरातल्या कामालाही लागू आहे आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. ही माहिती प्रत्येकीला शिकवण्यातच दिली पाहिजे.

राहता राहिला पगार, आणि सगळे घोडे इथेच पेंड खाते. महिनाभर राबवून "पुढच्या बिलाला देतो" म्हणणारी घरे आहेत. म्हणून पैसे घरच्यांनी तिच्या हातात द्यायचे नाहीत. सभासदाने लेखी संमती द्यावी, सेवेची रक्कम त्याच्या ऊसबिलातून हप्त्याने कापावी, आणि तिचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला तिच्या खात्यावर जमा व्हावा. बिल लांबले तरी तिचा पगार लांबू नये, म्हणून सुरुवातीला थोडा निधी बाजूला काढावा लागेल. आठवड्याची एक सुट्टी, आणि त्या दिवशी बदली माणूस. आजोबा वारले तर तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवायचे नाही, दुसरे घर मिळेपर्यंत महिन्याचा पगार चालू ठेवायचा. हा शेवटचा मुद्दा काहींना महाग वाटेल. तरीही वार्षिक सभेपुढे ठराव आला तर त्यातून एवढे कलम गाळू नये, अशी विनंती आहे.