बायोलॉजी की पर्यावरण? अकरावीला विषय निवडताना



दहावीचा निकाल लागला की घराघरात एकच चर्चा सुरू होते. सायन्स घ्यायचं हे ठरलेलं असतं, पण पुढे गाडी अडते. "बायोलॉजी ठेवू की सोडू? मला झाडं, प्राणी, निसर्ग आवडतो, पण डॉक्टर व्हायचं नाही. मग पर्यावरण हा विषय आहेच की! बायोलॉजीचं ओझं कशाला?" असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे. पण घाईत चुकीचं उत्तर निवडलं, तर दोन वर्षांनी काही वाटा बंद झालेल्या दिसतात. म्हणून आज हा विषय सविस्तर समजून घेऊ.

आधी एक गैरसमज दूर करू

आपल्या राज्य मंडळात अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय सगळ्यांनाच असतो. आर्ट्स असो, कॉमर्स असो की सायन्स. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिले होते. त्यामुळे हा विषय प्रत्येकाच्या वाट्याला येतो. प्रदूषण, पाणी, नैसर्गिक संसाधनं यांची ओळख होते, प्रकल्प करावा लागतो. प्रत्येक नागरिकाला एवढं माहीत असायलाच हवं, हा त्यामागचा उद्देश आहे.

जीवशास्त्र म्हणजे बायोलॉजी हा मात्र ऐच्छिक विषय आहे. तो तुम्ही मागितला तरच मिळतो.

म्हणजे बघा, बायोलॉजी आणि पर्यावरण हे एकाच तराजूत तोलायचे दोन विषय नाहीतच. पर्यावरण न मागता मिळणार आहे. खरा प्रश्न एवढाच, की बायोलॉजी ठेवायची की सोडायची? आणि सक्तीचा पर्यावरण विषय बायोलॉजीची जागा भरून काढतो का? याचं सरळ उत्तर 'नाही' असं आहे.

दोन विषयांत फरक काय?

तिसरीपासून मुलं 'परिसर अभ्यास' शिकतात. तिथे झाड, माती, पाणी, माणूस सगळं एकत्र असतं. पुढे याच परिसराकडे बघायचे दोन चष्मे तयार होतात. जीवशास्त्र सजीवाच्या आत डोकावतं. पेशी कशी चालते, रक्त कसं फिरतं, गुणधर्म आईवडिलांकडून मुलांकडे कसे येतात, हे ते सांगतं. पर्यावरणशास्त्र सजीवाच्या भोवती बघतं. हवा, पाणी, माती, इतर सजीव आणि माणसाचे व्यवहार यांचं एकमेकांशी नातं काय, हे ते शोधतं. त्यात रसायनशास्त्र, भूगोल, कायदा आणि अर्थशास्त्रसुद्धा येतं.

एका उदाहरणातून हे नीट कळेल. आपल्या आजोबांच्या काळात गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडांचा थवा उतरायचा. १९९० नंतर ही गिधाडं भराभर कमी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९० टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडत नव्हतं. अखेर २००४ साली पाकिस्तानातल्या गिधाडांवर झालेलं संशोधन प्रसिद्ध झालं आणि कोडं सुटलं. गाई-म्हशींना दुखणं कमी व्हावं म्हणून डायक्लोफिनॅक नावाचं औषध दिलं जायचं. असं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. शरीरातलं युरिक आम्ल बाहेर पडू शकत नसे आणि आतल्या अवयवांवर साचायचं.

आता बघा, मूत्रपिंड, युरिक आम्ल, औषधाचा शरीरावर परिणाम हा भाग झाला जीवशास्त्राचा. पण गोष्ट इथे संपत नाही. गिधाडं गेली, मढी तशीच पडून राहू लागली, भटक्या कुत्र्यांना आयतं खाणं मिळालं आणि रेबीजचा धोका वाढला. मुंबईत पारशी समाजाच्या डुंगरवाडीतल्या अंत्यविधीच्या परंपरेपुढेही अडचण उभी राहिली. हा भाग झाला पर्यावरणशास्त्राचा. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली आणि मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेलं औषध पर्याय म्हणून पुढे आलं.

विचार करा, मूत्रपिंड कसं काम करतं हे कुणाला माहीतच नसतं, तर गिधाडं कशामुळे मरतात हे कळलं असतं का? पर्यावरणाचा प्रश्न सोडवायला सजीवाच्या आतलं ज्ञान लागतं. म्हणून ज्याला पर्यावरणाची खरी आवड आहे, त्याने बायोलॉजी सहज सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बायोलॉजीच्या पुस्तकातच पर्यावरण आहे

बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात १५ पाठ आहेत. त्यातले शेवटचे तीन पाठ बघा. सजीव आणि त्यांच्या समष्टी, परिसंस्था व ऊर्जेचा प्रवाह, आणि जैवविविधता, संवर्धन व पर्यावरणीय समस्या. म्हणजे बायोलॉजी घेतली तरी पर्यावरण सुटत नाही, उलट ते जास्त खोलात शिकायला मिळतं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. बायोलॉजी म्हणजे फक्त जंगल आणि पक्षी नव्हेत. अकरावीत पेशी विभाजन, जैवरेणू, ऊती, झुरळाची शरीररचना, प्रकाशसंश्लेषण, मानवी उत्सर्जन असं बरंच काही आहे. आकृत्या काढाव्या लागतात, नावं लक्षात ठेवावी लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले दोन-तीन महिने इंग्रजी शब्दांनी घाम फुटतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे एक वही करा. डाव्या बाजूला नवीन शब्द, उजव्या बाजूला दहावीत शिकलेला मराठी शब्द. सेल म्हणजे पेशी, टिश्यू म्हणजे ऊती, मायटोकाँड्रिया म्हणजे तंतुकणिका, फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण. अर्ध्याहून अधिक गोष्टी आपल्याला आधीच येतात, फक्त नाव बदललं आहे, हे मुलाच्या लक्षात येतं आणि भीती कमी होते.

कोणत्या वाटेला काय लागतं?

१) डॉक्टर, दंतवैद्य, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक : इथे 'नीट' परीक्षा द्यावी लागते. तिच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. बायोलॉजीला पर्याय नाही.

२) बीएस्सी नर्सिंग : बायोलॉजी हवीच.

३) बीएस्सी कृषी आणि बी. फार्मसी : गणित गट किंवा जीवशास्त्र गट, दोन्हींतून सीईटी देता येते. जीवशास्त्र गटात बायोलॉजीचा १०० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो.

४) पर्यावरण अभियांत्रिकी : नावात पर्यावरण असलं तरी हे इंजिनिअरिंग आहे. सांडपाणी शुद्धीकरण, हवेचं प्रदूषण मोजणं, कचरा व्यवस्थापन असं काम. इथे गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. गणित सोडलेल्या मुलाला ही वाट अवघड होते.

५) बीएस्सी पर्यावरणशास्त्र : साधारणपणे बारावी सायन्स लागतं. पण कॉलेजनुसार विषयांची अट वेगळी असू शकते, म्हणून माहितीपुस्तिका आधी वाचावी.

६) वनरक्षक : बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय हवा.

७) भारतीय वन सेवा : इथे नीट लक्ष द्या. यूपीएससीच्या या परीक्षेसाठी पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो. किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांची पदवी चालते. या यादीत 'पर्यावरणशास्त्र' असं नाव नाही! त्यामुळे वन अधिकारी व्हायचं स्वप्न असलेल्या मुलाने पर्यावरणशास्त्राची पदवी घेताना, यादीतला एखादा विषय सोबत आहे ना, याची खात्री करावी.

मग ठरवायचं कसं?

दहावीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' हे पुस्तक पुन्हा उघडा. आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान हे पाठ मार्कांसाठी नाही, तर आवडीने वाचले होते का? मग बायोलॉजी नक्की घ्या. 'पर्यावरणीय व्यवस्थापन' आणि 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हे पाठ जास्त आवडले आणि गणितही बरं आहे? मग गणित सोडू नका, तुमचा रस्ता अभियांत्रिकीकडे जाऊ शकतो. दोन्ही आवडतात? मग भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय घेता येतात. अभ्यास जास्त पडतो हे खरं, पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला विचार करायला आणखी दोन वर्षं मिळतात.

बायफोकल घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. त्यात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. बऱ्याचदा सुटणारा विषय बायोलॉजी असतो आणि ही गोष्ट पालकांच्या लक्षात उशिरा येते. प्रवेश अर्ज भरताना कॉलेजात स्पष्ट विचारा.

काही चुकीची कारणंही सांगतो. मित्राने सोडली म्हणून बायोलॉजी सोडू नये. 'आकृत्या कोण काढणार' म्हणून सोडू नये. आणि शेजारच्याचा मुलगा नीट देतोय म्हणून घेऊही नये.

पालकांसाठी दोन शब्द

'बायोलॉजी घेतली की डॉक्टरच व्हायचं, नाहीतर सगळं वाया' हा विचार मुलांवर फार मोठं ओझं टाकतो. कृषी, औषधनिर्माण, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, मत्स्यशास्त्र, वनशास्त्र, अन्नतंत्रज्ञान आणि शिक्षकी पेशा या सगळीकडे ही बायोलॉजी उपयोगी पडते. दुसरीकडे, 'पर्यावरण म्हणजे झाडे लावा, झाडे जगवा, त्यात करिअर कसलं' असं म्हणून मुलाची आवड मोडूही नका. कारखाने, महापालिका, पाणीपुरवठा, धरणं, खाणी या सगळ्या ठिकाणी पर्यावरणाचा अभ्यास असलेली माणसं लागतात.

आणि समजा बायोलॉजी सुटलीच, तरी सगळं संपलं असं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये नियम शिथिल केले. आता बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण होऊनही नीट देता येते. पण त्यात वेळ आणि पैसा जातो. साध्या शेतकरी किंवा मजुराच्या घरात एक वर्ष ही लहान गोष्ट नसते. म्हणून आत्ता, अर्ज भरण्याआधी, मुलाला समोर बसवून तासभर शांतपणे बोला. त्याला काय आवडतं ते आधी ऐकून घ्या, मग वरची यादी सोबत घेऊन बसा आणि विषय ठरवा.

सर्व विद्यार्थ्यांना पुढील वाटचालीसाठी मनापासून शुभेच्छा!