हा ‘अभिमानाचा दिवस’ कोणाचा?

मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबचे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मोठे नाव आहे. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लंबगोल चेंडूने, हातापायांनी खेळायचा. 2021 च्या हंगामात या क्लबचा अध्यक्ष गेला, प्रशिक्षक गेला आणि संघ अठरा संघांत सतरावा आला. पण या हंगामातला खरा सामना मैदानाबाहेर झाला.

एरिटिए लुमुंबा हा ब्राझीलमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय खेळाडू. 2010 चे अजिंक्यपद जिंकणाऱ्या कॉलिंगवूड संघात तो होता. संघात आपल्याला ‘चिंप’, म्हणजे चिंपांझी, अशी हाक मारत, असे त्याने जाहीरपणे सांगितले. त्याची दखल घ्यायला क्लबला 2020 साल उजाडावे लागले! मूलनिवासी विदुषी प्रा. लॅरिसा बेहरेंट व लिंडन कूम्स यांनी चौकशी केली. अहवाल 1 फेब्रुवारी 2021 रोजी फुटला. क्लबच्या व्यवस्थेतच वर्णद्वेष मुरलेला आहे, त्याने मूलनिवासी आणि आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंना खोल इजा झाली आहे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. तक्रार येईपर्यंत गप्प बसायचे आणि आली की क्लबची अब्रू सांभाळायची, ही रीतही त्यात उघडी पडली.

1998 पासून अध्यक्ष असलेले एडी मॅकग्वायर यावर काय म्हणाले? क्लबसाठी हा ऐतिहासिक आणि अभिमानाचा दिवस आहे! ज्यांनी अपमान गिळला त्यांनी हे ऐकून काय करावे? खेळाडूंनी माफीचे खुले पत्र काढले, बाहेर गदारोळ झाला आणि 9 फेब्रुवारीला मॅकग्वायर पायउतार झाले. याच गृहस्थांनी 2013 मध्ये रेडिओवर मूलनिवासी खेळाडू ॲडम गुड्सचे नाव ‘किंग काँग’शी जोडले होते. तेव्हा माफी मागून खुर्ची शाबूत राहिली.

त्याआधीचे सांगायचे तर 1993. कॉलिंगवूडच्याच व्हिक्टोरिया पार्कवर सेंट किल्डाच्या निकी विनमारला प्रेक्षकांनी सामनाभर वर्णावरून शिव्या दिल्या. सामना जिंकल्यावर त्याने जर्सी वर केली आणि आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवले. तेव्हाचे क्लबाध्यक्ष ॲलन मॅकॲलिस्टर म्हणाले, ही माणसे गोऱ्यांसारखी वागली तर आम्ही त्यांचा आदर करू. म्हणजे आदरालाही अट!

पुढे जूनमध्ये प्रशिक्षक नेथन बकली गेले, ते मात्र खराब निकालांमुळे. अध्यक्षपद आधी मार्क कॉर्डा आणि पीटर मर्फी यांच्याकडे जोडीने, मग एकट्या कॉर्डांकडे आणि डिसेंबरात जेफ ब्राऊन यांच्याकडे आले. 2023 मध्ये क्लबने अजिंक्यपदही मिळवले. लुमुंबा कॉलिंगवूडकडून 199 सामने खेळला. दोनशेवा न खेळताच 2014 मध्ये तो क्लब सोडून गेला.