कर्ज लपवले की आजार वाढतो

आरोग्याच्या सदरात कर्जाची गोष्ट कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु पेरणीच्या तोंडावर दवाखान्यात येणाऱ्या तक्रारी ऐकल्या, तर तसे वाटणार नाही. "रातभर डोळा लागत नाही जी," "छातीत धडधडते," "जेवण पोटात राहत नाही." तपासणीत कधी रक्तदाब वाढलेला सापडतो, कधी काहीच सापडत नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी दिली तर चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. अशा वेळी घरी कर्ज किती आहे, हा प्रश्न विचारला की पुष्कळदा बायको नवऱ्याकडे पाहते आणि नवरा खाली पाहतो.

चिंता मनात असते आणि आजार शरीरात, अशी आपली समजूत आहे. शरीराला मात्र हा भेद कळत नाही. धुऱ्यावर अचानक साप दिसला तर काय होते ते आठवा. छाती धडधडते, श्वास वाढतो, हातपाय ताठ होतात. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही रसायने रक्तात उतरतात, रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढवतात आणि शरीर पळायला तयार होते. साप निघून गेला की अर्ध्या तासात सारे शांत होते. कर्जाचा साप मात्र जात नाही. रात्री दोन वाजता जाग आली की तो उशाशीच बसलेला असतो. महिनोन् महिने हे चालले की झोप मोडते, मधुमेह असणाऱ्याची साखर आटोक्यात राहत नाही, पित्त वाढते, माणूस चिडखोर होतो आणि साधा हिशेबही डोक्यात बसेनासा होतो. शिवाय पैसे वाचवायचे म्हणून आधी बंद होतात त्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या. (खर्रा बंद होत नाही.)

आपल्या भागाला हे नवे नाही. शेतकरी आत्महत्यांचे लोण पाहून जुलै २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. २००८ साली केंद्राची कर्जमाफी आली, २०१७ साली राज्याची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंतची. ह्या माफींचा फायदा झाला नाही असे म्हणणे चुकीचे आहे. पण विनापरवाना सावकाराचे, कृषी केंद्राच्या उधारीचे, अडत्याच्या उचलीचे कर्ज त्यात बसत नाही आणि रात्री झोप उडवते ते बहुधा हेच. कापसाला भाव नसेल, पाऊस दगा देत असेल, तर घरच्या वहीने तो प्रश्न सुटणार नाही, हेही खरे. वहीचा उपयोग दुसरा आहे.

आत्महत्या झालेल्या अनेक घरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. घरधन्याच्या मागे देणेकरी दारात आले तेव्हाच बायकोला कळले की कर्ज एवढे होते. तिला त्रास नको म्हणून त्याने सांगितले नव्हते. दुसरीकडे तिनेही काही लपवलेले असते. मुलीच्या फीसाठी गहाण ठेवलेली पोत, बचत गटाचे कर्ज, मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता. दोघेही एकमेकांना जपण्यासाठी गप्प राहतात आणि दोघांचीही झोप वेगवेगळी जाते. भांडण मात्र भाजीत मीठ जास्त पडले म्हणून होते.

तेव्हा पहिले औषध म्हणजे एका वहीत दोघांचे सगळे देणे लिहून काढणे. बसायचे ते मुले झोपल्यावर किंवा शेतात निवांतपणी. जेवताना नाही आणि नवरा पिऊन आला असेल तर मुळीच नाही. पहिल्या बैठकीत "हे काहून केलं?" असे कोणीच कोणाला विचारायचे नाही. फक्त लिहायचे: कोणाचे, किती, व्याज काय, कधी द्यायचे. हा नियम पाळायला कठीण आहे, पण तो मोडला की पुढच्या वेळी दोन देणी लपवली जातात.

व्याज लिहिताना वर्षाचे लिहावे. शेकडा तीन रुपये महिना ऐकायला हलके वाटते, ते वर्षाला ३६ टक्के होते. पेरणीला हजार घेऊन सहा महिन्यांनी साडेबाराशे द्यायचे, ही सवाई वर्षाच्या हिशेबाने ५० टक्के पडते आणि दीडी तर १०० टक्के. याउलट सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज पाहा. अकोल्याचे कृषी विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे, त्याच डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने राज्याची व्याज सवलत योजना आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज पडू नये, अशी तिची रचना आहे. मुदत हुकली की सवलत गेली. माफी येईल म्हणून थांबणाऱ्यांचे नुकसान येथे होते, कारण थकबाकीदाराला पुढच्या हंगामाचे कर्ज मिळत नाही आणि तो सावकाराच्या दारी जातो.

मार्च आला की आपल्याकडे नवे-जुने करण्याची धावपळ सुरू होते. सावकाराकडून आठ दिवसांसाठी रक्कम उचलून बँकेत भरायची आणि नवे कर्ज निघाले की त्याला परत करायची. हे सरसकट वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ८०,००० रुपयांवर शेकडा तीनने पूर्ण महिन्याचे २,४०० रुपये होतात, आणि सवलत गेली तर सात टक्क्यांनीही वर्षाचे ५,६०० द्यावे लागतात. धोका आहे तो नवे कर्ज लांबण्यात. तिसरा महिना लागला की सारा फायदा उलटा झाला. म्हणून पैसे उचलण्याआधी बँकेत जाऊन नवे कर्ज कोणत्या तारखेला मिळेल ते विचारावे, आणि जाताना दोघांनी जावे.

आता खर्चाकडे. नोकरदाराला पगार महिन्याला येतो, आपला पैसा वर्षातून दोनतीनदा येतो: आधी सोयाबीन, मग कापूस, मग तूर आणि हरभरा. खर्च मात्र रोजचा. त्यामुळे दिवाळीत घर श्रीमंत असते आणि उन्हाळ्यात उधारीवर. समजा, वर्षाची विक्री अडीच लाख आहे. त्यातून पुढच्या हंगामाचे एक लाख ज्या दिवशी पैसा आला त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकले, तर उरतात दीड लाख, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. हाच आपला पगार. किराणा, फी, औषध, हप्ते सगळे यातच. हा आकडा दोघांच्याही डोक्यात असला की लग्नातल्या आहेरापासून मोबाइलच्या हप्त्यापर्यंत वाद कमी होतात, निदान ते आकड्यांवर होतात.

खर्च लिहू लागले की खर्रा वहीत येतो आणि घरात शांतता पसरते. एक पुडी २० रुपयांची धरली आणि दिवसाला दोन, तर वर्षाचे १४,६०० रुपये. ४०,००० च्या सावकारी कर्जावर शेकडा तीनने वर्षाचे व्याज १४,४०० होते. म्हणजे त्या कर्जाचे व्याज खर्र्यात बसलेले आहे. तोंडाच्या कर्करोगाचा खर्च अजून धरलेलाच नाही. पण बायकोने हे टोमण्यासारखे सांगू नये. ताणात तंबाखूची तलफ वाढते, आणि टोमण्याने ताण वाढतो.

दवाखान्याच्या खर्चाने कर्जात जाणारी घरे कमी नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. ऑपरेशन सांगितले की पैसे उचलण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, त्या बंद करू नयेत.

वसुलीच्या भीतीनेही माणसे आजारी पडतात. मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी मनाई आहे. धमकी, शिवीगाळही चालत नाही. परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

मन मोकळे केल्याने खरेच फरक पडतो का? आपल्याच अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून समुपदेशन आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांकडे पाठवणी, असे त्याचे स्वरूप होते. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी आधी जेमतेम चार जण मदत घेत होते, ते २७ वर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. नैराश्य हा आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो, हे गावात कळणे हाच त्यातला मोठा भाग होता.

काही लक्षणांवर मात्र वही काढून बसू नये, डॉक्टर गाठावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक गेलेली, कशातच मन नाही, दारू एकदम वाढलेली, "माह्यामुळेच तुमाले त्रास आहे" अशी भाषा, कागदपत्रे किंवा वस्तू कोणाच्या हवाली करणे. अशा वेळी "जीव द्यायचा विचार येतो काय?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बहुतेकांना कोणी विचारले म्हणून हलके वाटते. फवारणीचे औषध घरात उघडे ठेवू नये. कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, किंवा हवे तेवढेच आणावे. टोकाचा विचार बरेचदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढ्यात हाताशी डबा नसला तर माणूस वाचतो. कोणी औषध घेतलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका, दूधही देऊ नका. डबा सोबत घेऊन १०८ च्या गाडीने अमरावतीचे इर्विन, अकोल्याचे सर्वोपचार किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा.

घराबाहेर पडण्याची लाज वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो देशभर सुरू आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. नवरा तयार नसेल तर बायकोने त्याच्याविषयी बोलण्यासाठी फोन केला तरी चालतो. गावातल्या आशाताईंनाही सांगता येते. मानसिक आजाराच्या रुग्णाला आरोग्य केंद्रापर्यंत नेणे त्यांच्या कामात धरलेले आहे.