ठासणीची बंदूक : ऐकीव किती, खरं किती

भिवंडी तालुक्यात पडघा, अनगाव, वज्रेश्वरी, गणेशपुरी या पट्ट्यात भात पोसवायला लागलं की रानडुकरांचा विषय निघतो, आणि डुकरांचा निघाला की ठासणीच्या बंदुकीचा निघतोच. हल्ली त्यात आफ्रिकेची भर पडली आहे. चकमकीची बंदूक घेऊन आफ्रिकेत रानम्हैस पाडणाऱ्या गोऱ्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. ते पाहून यंत्रमागाची पाळी संपवून आलेली मंडळी चहाच्या टपरीवर अगदी ठासून सांगतात, ‘आमच्या आजोबांकडे हीच होती’, ‘जुन्या बंदुकीला लायसन कशाला’, ‘तिकडे सगळं खुलं आहे, आपल्याकडेच कटकट.’ यातलं थोडं खरं आहे. बाकीचं ऐकीव आहे, आणि त्यातलं काही थेट तुरुंगात नेणारं आहे.

‘आजोबांची बंदूक चकमकीची होती’

बहुधा नव्हती. ठासणीची बंदूक ही एक जात नाही, तिच्या निदान तीन जाती आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे सोडायचे, बोळा घालायचा आणि गजाने ठासायचं, इथवर तिन्ही सारख्याच. फरक आग लावण्यात आहे. तोडेदार बंदुकीत जळता तोडा रंजकावर, म्हणजे नळीच्या कानाशी ठेवलेल्या चिमूटभर दारूवर टेकतो. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की तो पोलादी पातीवर घासत खाली येतो, पाती पुढे उलटते, ठिणग्या उघड्या पडलेल्या रंजकावर पडतात, रंजक भुर्रकन पेटतं आणि त्याची आग नळीच्या कानातून आतल्या दारूपर्यंत पोचते. मग बार. चाप ओढणं आणि बार उडणं यात माणसाला जाणवेल एवढा वेळ जातो, आणि तेवढ्यात दचकलेलं जनावर जागा सोडतं. तिसरी टोपीची. तिच्यात रंजक उघडं नसतं. तांब्याची छोटी टोपी बसवायची आणि तिच्यावर घोडा आपटायचा. आज परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका दिसतात, त्या जवळपास सगळ्या या तिसऱ्या जातीच्या.

आपल्याकडच्या शिकाऱ्याने चकमक फारशी मनावर घेतलीच नाही. तोड्यावरून तो सरळ टोपीवर आला. त्याचं मागासलेपण हे त्याचं कारण नव्हे. लांब नळीची देशी तोडेदार बंदूक नेमबाजीत विलायती फौजी बंदुकीपेक्षा सरस ठरे. गार आपटताना बसणारा हिसका तिच्यात नव्हता, आणि तोडा म्हणजे शेवटी दोरीच, ती गावात वळता येई. चकमकीला कसदार पोलादाची कमान लागते, नीट घडवलेली गार लागते, आणि ती गार थोड्याच बारांत बोथट होऊन बदलावी लागते.

चकमकीची बंदूक इथे आली ती फौजेबरोबर. भिवंडीजवळच्या दुगाडला तिचा आवाज घुमला तो डिसेंबर १७८० मध्ये. इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने वसईला वेढा घातला होता आणि त्याची पाठ राखायला कर्नल हार्टली दुगाडच्या आसपास ठाण मांडून होता. रामचंद्र गणेश यांच्या मराठी फौजेने त्याच्यावर लागोपाठ हल्ले चढवले. १२ डिसेंबरला दाट धुक्याचा आडोसा घेऊन ते पुढे सरकले. धुकं अचानक विरलं, इंग्रजांच्या माऱ्यासमोर फौज उघडी पडली आणि रामचंद्र गणेश तिथेच पडले. वसई आदल्याच दिवशी गेली होती. दुगाडला आज जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असतं कोण जाणे; रस्ता वज्रेश्वरीच्या दर्शनाचा म्हणूनच ओळखीचा.

‘जुने शिकारी एका बारात जनावर लोळवायचे’

या गैरसमजाचं पोट सर्वांत मोठं, कारण त्याला शिकारकथांनी खाऊ घातलं आहे. आधी आकडा पाहा. १८३४ साली इंग्रज लष्कराने चकमकीच्या आणि टोपीच्या बंदुकांची तुलना करण्यासाठी प्रत्येकीचे ६,००० बार काढून पाहिले. टोपीचे ३६ बार फुकट गेले, चकमकीचे ९२२. म्हणजे चकमकीचा साधारण दर सहा-सात बारांमागे एक फुसका. तोही चाचणीत, सरावलेल्या हातांत. श्रावणात माळशेजच्या बाजूला ओल्या रंजकाचं काय होत असेल, याची कल्पना करावी.

आता माणूस पाहा. विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला इंजिनिअर. सोळाव्या वर्षी नोकरीत लागलेला, काही काळ खानदेशात काढलेला. १८३६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्याला दोन वर्षांची रजा देऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला धाडलं. आजारी माणसाने तिथे विश्रांती घ्यावी, तर याने मुंबईच्याच मुलकी नोकरीतला विल्यम रिचर्डसन सोबतीला घेऊन बैलगाड्या जुंपल्या आणि आफ्रिकेच्या आत शिकारीची मोहीम काढली. आफ्रिकेतल्या शिकारसफरी पुढे जगभर गाजल्या, त्यांच्या आरंभीच्या नावांत हे आपल्या मुंबई इलाख्यातलं नाव येतं. मगालीसबर्गच्या डोंगरात त्याला काळ्याभोर अंगाचं, मागे वळलेल्या लांब शिंगांचं एक हरिण दिसलं. युरोपीय प्राणिशास्त्राला ते तोवर अनोळखी होतं. सेबल म्हणतात ते हेच, आणि त्याच्या शास्त्रीय नावापुढे आजही हॅरिसचं नाव व १८३८ हे साल लागतं. त्याच्या प्रवासाचं पुस्तक पहिल्यांदा छापलं गेलं तेही मुंबईत, त्याच वर्षी. माणूस चित्रकारही होता. जनावराला मारून मग त्याचं देखणं चित्र काढणं यात त्या काळी कुणाला विसंगती वाटत नसे.

तर या हॅरिसने पहिला जिराफ मारला तो कसा? घोडा बाजूने दौडवत, पुन्हा पुन्हा बंदूक ठासत. सतराव्या गोळीला जनावर कोसळलं. त्याने हे लपवलेलं नाही, जिराफाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं हेही लिहून ठेवलं आहे. ठासणीच्या बंदुकीची शिकार म्हणजे काय, हे समजायला या सतरा गोळ्या पुरेत. सुट्या गोल गोळीचा वेग थोड्या अंतरातच मंदावतो, मोठ्या जनावराच्या चामडी-हाडात ती खोल जात नाही, आणि दुसरा बार भरेपर्यंत जखमी जनावर झाडीत शिरलेलं असतं. हॅरिसजवळ घोडे होते, मोकळं माळरान होतं. पायी शिकाऱ्याचं जनावर जखम घेऊन जंगलात जाऊन मरे, त्याची नोंद कुठल्याच पुस्तकात नसते.

‘मग गोळीच मोठी घ्यायची’ हा त्यावरचा तोडगाही आफ्रिकेत करून झाला. फ्रेडरिक सेलूस हा शिकारी १८७० च्या दशकात पायी हत्ती मारत हिंडला तो चार बोअरच्या टोपीवाल्या ठासणीने. बोअर म्हणजे मिलिमीटर नव्हेत, हेही इथेच सांगून टाकतो. नळीत बसणाऱ्या गोल गोळ्या एका पौंड शिशात किती होतात, तो आकडा म्हणजे बोअर. बारा बोअरची गोळी पौंडाचा बारावा हिस्सा, चार बोअरची पाव पौंड, म्हणजे ११३ ग्रॅम. आकडा जितका लहान तितकी नळी रुंद. सेलूस झोळीत हात घालून मुठीने दारू काढायचा आणि तशीच नळीत ओतायचा. एकदा बार उडाला नाही. बंदूक वाहणाऱ्या गड्याने तीच पुन्हा भरून त्याच्या हातात दिली. दुहेरी बार उडाला, सेलूस हवेत फिरून तोंडावर वाळूत पडला आणि बंदूक खांद्यावरून मागे लांब जाऊन पडली. तीन हंगामांत त्याने असे ७८ हत्ती मारले, पण त्या बंदुकांच्या धक्क्याने आपली नेमबाजी कायमची बिघडली, त्या हातात घेतल्याच नसत्या तर बरं झालं असतं, अशी खंत त्याने पुढे लिहिली.

‘आफ्रिकेत शिकार खुली आहे’

आफ्रिका हा एक देश नाही, इथूनच सुरुवात करावी लागते. केनियाने १९७७ मध्येच शिकार बंद केली. बोत्स्वानाने २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, टांझानिया, झिम्बाब्वे इथे ती पैसे मोजून, परवान्यावर आणि ठरलेल्या जनावरापुरती चालते. दक्षिण आफ्रिकेतली पुष्कळशी शिकार तर कुंपण घातलेल्या खासगी रानांत होते, जिथली जनावरं कायद्याने मालकाची असतात. परदेशी पाहुण्याबरोबर तिथे परवानाधारक व्यावसायिक शिकारी असावा लागतो. चकमकीवाला व्हिडिओत एकटा दिसतो, पण चौकटीच्या बाहेर आधुनिक जबर रायफल खांद्याला लावून दुसरा माणूस बहुधा उभा असतो. म्हशीसारख्या जनावरासाठी बंदुकीची किमान ताकद कित्येक ठिकाणी नियमाने बांधलेली आहे.

हॅरिसच्या काळीही रान मोकळं नव्हतं. मात्येबेले लोकांचा राजा म्झिलिकाझी याच्या मुलखात शिरण्यासाठी त्याला नजराणे द्यावे लागले, राजाची मर्जी राखावी लागली.

इथून कुणी जायचं म्हटलं, तर काळी दारू प्रवासी विमानात नेताच येत नाही. शिंगं-कातडी परत आणायची तर वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, म्हणजे सायटिसचे परवाने आणि आपला आयातीचा कायदा आडवा येतो. तिथे मारणं कायदेशीर असलं म्हणून इथे दिवाणखान्यात टांगणं कायदेशीर होत नाही.

‘जुन्या बंदुकीला लायसन लागत नाही’

१९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्यापान्या हत्याराला सूट आहे खरी, पण तिच्यातली अट कुणी सांगत नाही. हत्यार जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा मोडकं असावं आणि दुरुस्त करूनही त्यातून बार उडू नये, तरच ते कायद्याबाहेर. कायदा बंदुकीचं वय विचारत नाही, ती उडते का एवढंच विचारतो. खंडेनवमीला माळ्यावरून काढून, तेल पुसून, हळदकुंकू वाहून पुन्हा गुंडाळून ठेवलेली पणजोबांची ठासणी लोहाराच्या हाताने चालू होण्यासारखी असेल, तर ती बिनपरवाना बंदूकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशी बंदूक बाळगण्याची शिक्षा दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत आहे. वरातीत हौसेने बार काढला, तर त्याचा गुन्हा वेगळा.

परवाना मिळतच नाही, हेही खरं नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना ही तरतूद त्याच कायद्यात स्पष्ट शब्दांत आहे. भिवंडी शहरात अर्ज ठाणे पोलिस आयुक्तांकडे जातो, पडघा-गणेशपुरीच्या हद्दीतला जिल्हाधिकाऱ्यांकडे. पण या भागात आणखी एक गाठ आहे. एका अंगाला तुंगारेश्वर अभयारण्य, दुसऱ्या अंगाला तानसा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते. जुन्या परवानेधारकांनाही नोंद करावी लागते.

‘राखणीचं लायसन आहे, म्हणजे डुक्कर मारता येतं’

नाही. परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. तो दुसऱ्याच खात्याचा विषय. रानडुक्कर पूर्वी वन्यजीव कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होतं, १ एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी आणि कारणासह परवानगी देऊ शकतो. ती हातात नसताना हाका घालणं, फास लावणं, नेम धरून चुकणं हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. परवानगी घेऊन मारलेलं डुक्करही आपलं होत नाही. ते सरकारच्या मालकीचं, मटणाचे वाटे घालायचे नाहीत. गावात या कलमावर सर्वांत जास्त चिडचिड होते, आणि ती समजण्यासारखी आहे. महिनाभर राखलेलं भात एका रात्रीत उकरून टाकणाऱ्या जनावराचं मांसही आपलं नाही, हे कुठल्या शेतकऱ्याला पटेल? पण मांसाची वाट मोकळी ठेवली, तर राखण आणि पारध यांच्यातली रेघ पुसायला वेळ लागणार नाही, हा कायद्याचा हिशेबही चुकीचा नाही.

रात्रीच्या हाक्याचा धोका तर माणसालाच आहे. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीने डुक्कर समजून गोळी झाडली आणि आपल्याच साथीदाराचा जीव घेतला.

राहिली माळ्यावरची बंदूक. परवानेधारक वारला की ती आपोआप मुलाची होत नाही. ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने आपल्या नावावर परवाना मागायचा. २०१६ च्या नियमांनी यात एक सोय केली आहे. परवानेधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं असली, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. आजोबा बसते-उठते असतील, तर हा अर्ज याच वर्षी करावा.