हँडलची छोटी पिशवी

हँडलला काहीच अडकवलेलं नाही अशी सायकल शोधायला तुम्ही आमच्या लासुर्ण्यात निघालात, तर बराच वेळ लागेल. कुणाच्या हँडलला भाजीची पिशवी, कुणाच्या जेवणाचा डबा, कुणा मास्तरांची शबनम. शाळेत जाणाऱ्या पोरींचं दप्तर पाठीवर असतं, पण डब्याची पिशवी मात्र हँडलला लोंबकळतेच. इतकं सवयीचं झालंय की त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटत नाही.

माझं रोजचं येणं-जाणं सायकलवरच. लासुर्णे ते जंक्शन, कधी वालचंदनगर, कधी उलट्या दिशेला बेलवाडी, भवानीनगर. हा बारामती-इंदापूर रस्ता. तुकोबांची पालखी बेलवाडीचं रिंगण आटोपून आमच्या गावावरूनच इंदापूरकडे जाते, तोच हा मार्ग. तो आता राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक ९६५ जी. वाहनं वेगात जातात. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर चालतात. त्यांतली मागची ट्रॉली जराशी झुलत येते. तेवढ्यात सायकलवाल्याला साइडपट्टीवर उतरावं लागतं आणि परत वर चढावं लागतं. त्या वेळी हँडल आपल्या ताब्यात असावं लागतं. पिशवीचा प्रश्न आहे तो इथे.

आमच्याच वाडीतली नववीतली एक मुलगी शाळेतून येताना पडली. ना गाडीचा धक्का लागला, ना खड्डा होता. वळताना डब्याची पिशवी पुढच्या चाकाच्या तारांत गेली, चिमट्यात अडकली, चाक जागच्या जागी थांबलं आणि पोर हँडलवरून पुढे फेकली गेली. गळपट्टीचं हाड मोडलं. मागचं चाक अडलं तर सायकल घसरते, पण पुढचं अडलं तर माणूस पालथा पडतो. हा फरक ध्यानात ठेवला तर पुढचं सगळं सोपं आहे.

हँडलला अडकवलेली लोंबती पिशवी आणि हँडलला घट्ट बांधलेली पिशवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोंबती पिशवी झोके घेते आणि प्रत्येक झोक्याला हँडल थोडंसं ओढते. ती एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या हाताला सतत जोर लावावा लागतो. बांधलेली पिशवी झोके घेत नाही, पण हँडलबरोबर फिरते. म्हणून तिच्यातलं वजन किती, आणि ते हँडलच्या मधल्या खुंटापासून किती लांब, हे दोन्ही पाहायचं. यात अंतर जास्त महत्त्वाचं. भरलेली कळशी पोटाशी धरून गर्रकन वळून पाहा आणि मग तीच हात लांब करून धरून वळा. तेवढंच वजन दुप्पट अंतरावर गेलं की ते वळवायला चौपट जोर लागतो, आणि वळलेलं थांबवायलाही. म्हणून पुढे फुगलेली पोटाळू पिशवी नको. चपटी, हँडलला चिकटून बसणारी हवी.

किती मोठी? माझ्या मते २० सेंटिमीटर रुंद, १५ उंच, १० खोल. एवढ्यात ३ लिटर होतात. पाकीट, मोबाइल, चष्मा, पंक्चरचं ठिगळ आणि सोल्युशन, एक पाना, रुमाल, मूठभर शेंगदाणे यांना ती पुरते. याहून मोठी घेतली की ती भरली जाते, हा माणसाचा स्वभाव. सगळं मिळून किलो-दीड किलोच्या वर जाऊ देऊ नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा पाण्याची बाटली तिच्यात नकोच. ती दांडीवरच्या जाळीत बसवा. डबा, भाजी, वह्या यांची जागा मागच्या कॅरिअरवर. मागचं चाक हँडलबरोबर वळत नाही, म्हणून तिथलं वजन तितकं छळत नाही.

आता बांधायचं कसं. हे सायकलीवर अवलंबून आहे. आपली जुनी काळी सायकल असेल तर हँडलखालून ब्रेकचे लोखंडी रॉड जातात. पट्टा हँडल आणि रॉड दोन्हींना मिळून आवळला, तर ब्रेक दाबला जात नाही किंवा दाबलेला सुटत नाही. पट्टा फक्त हँडलच्या नळीवरून घ्या. नव्या सरळ हँडलच्या सायकलींना रॉड नसतात, पण ब्रेक आणि गिअरच्या केबली समोर कमान करून खाली जातात. पिशवी त्यांना दाबत असेल तर त्या मोडून घट्ट होतात. पिशवी केबलींच्या मागे सरकवावी किंवा मध्ये जाड फोमचा तुकडा घालावा.

चापावर बसणारी, झटकन काढता येणारी पिशवी घ्यायची असेल तर आधी हँडलची मधली जाडी मोजा. मोजपट्टी नको, दोरा गुंडाळा. दोरा साधारण ८ सेंटिमीटर भरला तर नळी २५.४ मिलिमीटरची, १० भरला तर ३१.८ची. चाप त्याच मापाचा मागा. बाजारात सायकल उभी करून जाणाऱ्याला ही सोय चांगली, कारण पाकीट असलेली पिशवी सोबत नेता येते.

कापडाबद्दल दुकानदार बरंच काही सांगतो. इंग्लंडमधल्या नेल्सन गावची कॅरडाइस कंपनी १९३२ सालापासून जाड सुती कापडाच्या सायकलपिशव्या करते. त्या कापडाचा धागा ओला झाला की फुगतो आणि विणीतली भोकं बुजतात, म्हणून पाणी आत येत नाही. आपल्या पोस्टमनची खाकी कॅनव्हासची पिशवी याच जातीची. इंदापूर तालुका कमी पावसाचा, त्यामुळे आपल्याला पावसापेक्षा धूळ जास्त त्रास देते. व्हेल्क्रोत धूळ आणि उसाचं पाचट भरलं की महिन्या-दोन महिन्यांत ते पकड सोडतं. म्हणून बक्कल असलेले पट्टे बघा. चेन असेल तर तिच्यावर कापडाची झडप हवी. रेक्झिन मात्र नको, उन्हानं ते तडकतं.

आणि विकतचीच हवी असंही नाही. ट्रॅक्टरचे हूड आणि सीटकव्हर शिवणारा कारागीर आपल्याकडे मोठ्या गावात असतोच. ताडपत्रीचा उरलेला तुकडा, नायलॉनचा दोरा, पाठीमागे ताठपणासाठी प्लॅस्टिकचा पत्रा आणि तीन पट्टे एवढं त्याला द्या. दोन पट्टे हँडलला आणि तिसरा खालून सायकलच्या पुढच्या खुंटाला. हा तिसरा पट्टा अनेक विकतच्या पिशव्यांना नसतो, आणि पिशवी उड्या मारते ती त्यामुळेच. समोर एक चकाकणारी पट्टी शिवून घ्या. पिशवीमागे दिवा झाकला जात असेल तर दिवा खाली चिमट्यावर आणा, अंधारात तो समोरून दिसलाच पाहिजे.

बांधून झाली की भरून तपासा. हँडल दोन्ही बाजूंना पुरतं फिरवा. ब्रेक दाबा, सोडा. पिशवीचा तळ आणि टायर यांत चार बोटं तरी राहतात ना, पाहा. पुढे शॉकअप असेल तर हँडलवर अंग टाकून दाबा आणि मग मोजा. शेवटी गावातल्या गतिरोधकावरून हळू जा. पिशवी खडखडली तर खालचा पट्टा एक घर आवळा आणि पुन्हा एकदा त्याच गतिरोधकावरून जा.