समासांतील दुरुस्ती

दरवर्षीं जून महिन्यांत नवीं मुलें शाळेंत दाखल होतात, तेव्हां आम्हां शिक्षकांस शाळेचें जनरल रजिस्टर उघडावें लागतें. त्यांतील जुनीं पानें चाळतां एक गोष्ट सहज नजरेस येते. जन्मतारखेच्या रकान्यांत १ जून हीच तारीख पुनःपुन्हां आढळते. इतकीं मुलें एकाच दिवशीं जन्मास आलीं असतील काय? तसें नाहीं. ज्या आईबापांस मुलाची जन्मतारीख सांगतां आली नाहीं, त्यांच्यासाठीं मास्तरांनीं शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख लिहून वेळ भागविली, इतकेंच. हेतु वाईट नव्हता. परंतु मूल त्याच तारखेनें वाढलें, त्याच तारखेनें नोकरीस लागलें आणि त्याच तारखेनें निवृत्तहि झालें. दप्तरांत जें एकदां लिहिलें जातें, तें माणसास जन्मभर सोबत करितें. यास्तव तेथें चूक झाली असल्यास ती कशी सुधारून घ्यावी, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्व नोंदींचें मूळ म्हणजे जन्माची नोंद. आपल्या देशांत हें काम १९६९ च्या जन्म व मृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें चालतें. जन्माची खबर २१ दिवसांच्या आंत द्यावयाची असते. खेड्यांत ती ग्रामपंचायतीच्या कचेरींत आणि शहरांत नगरपरिषदेच्या किंवा महानगरपालिकेच्या कचेरींत लिहिली जाते. पुष्कळदां बाळाचें नांव ठरण्यापूर्वींच नोंद होते व नांवाची जागा कोरी राहते. पहिल्या बारा महिन्यांत तें नांव विनामूल्य घालतां येतें, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालतां येतें. आमच्या शाळेंतील मोठ्या मुलांच्या पालकांनीं हा पंधरा वर्षांचा आंकडा विशेष ध्यानांत ठेवावा.

आतां चुकीविषयीं. याच कायद्याच्या १५ व्या कलमांत दुरुस्तीची तरतूद आहे. चुका दोन प्रकारच्या मानिल्या आहेत. एक लेखनांतील चूक, म्हणजे लिहिणाराच्या हातून अक्षर सुटणें किंवा आंकडा बदलणें. ती निबंधकाची खात्री झाल्यास तो आपल्या अधिकारांत सुधारूं शकतो. दुसरी वस्तुस्थितीची चूक, म्हणजे मूळ हकीगतच चुकीची लिहिली गेली असणें. अशा वेळीं चूक कोणती व खरी गोष्ट कोणती हें स्पष्ट सांगणारें, ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक असलेल्या दोन विश्वासार्ह इसमांचें निवेदन द्यावें लागतें. म्हणून उशीर करूं नये. ज्या आजीस, सुइणीस किंवा शेजाऱ्यास तुमच्या जन्माचा दिवस आठवतो, तीं माणसें सदासर्वकाळ आपणांमध्यें असणार नाहींत.

दुरुस्ती करण्याची रीत मोठी विचार करण्याजोगी आहे. निबंधकानें मूळ नोंदीस हात लावावयाचा नाहीं. ती खोडावयाची नाहीं व खरवडावयाचीहि नाहीं. खरी गोष्ट त्यानें शेजारच्या समासांत लिहावयाची, तिच्याखालीं सही करावयाची आणि दुरुस्तीची तारीख घालावयाची. ख्रिस्ती विवाहांसंबंधीं १८७२ चा जो कायदा आहे, त्यांतहि हाच नियम सांगितला आहे. आपल्या पाळकसाहेबांकडील विवाहाच्या रजिस्टरांत चूक आढळल्यास त्यांनाहि ती साक्षीदारांसमक्ष समासांतच सुधारावी लागते. चूक लपवावयाची नाहीं, पण ती तशीच राहूंहि द्यावयाची नाहीं, असा या नियमाचा भावार्थ आहे.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत नांवांचा घोटाळा विशेष होतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘योहान’, जन्माच्या दाखल्यावर ‘जॉन’. घरांत ‘शमुवेल’, शाळेंत ‘सॅम्युएल’. कोठें ‘मार्था’, कोठें ‘मार्ता’. घरच्यांस हीं नांवें एकच वाटतात, परंतु कचेरींतील कारकुनास तीं दोन निराळ्या माणसांचीं दिसतात, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. मुलाचें नांव कोणत्या रूपानें लिहावयाचें हें आईबापांनीं एकदां ठरवावें व सर्वत्र तेंच द्यावें.

शाळेच्या रजिस्टराची गोष्ट आणखी कडक आहे. विद्यार्थी शाळेंत असेपर्यंत त्याचें नांव किंवा जन्मतारीख बदलावयाची झाल्यास पालकांनीं पुराव्यासह शाळेकडे अर्ज द्यावा लागतो व शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी मिळाल्यावरच बदल होतो. विद्यार्थी शाळा सोडून गेला म्हणजे सामान्यतः दार बंद होतें. उघड दिसणाऱ्या लेखनप्रमादापुरतीच वाट उरते.

याचा अनुभव आम्हांस आमच्याच चुकीनें आला. कांहीं वर्षांपूर्वीं एक माजी विद्यार्थी नोकरीचें पत्र हातांत घेऊन आमच्याकडे आला. त्याच्या जन्माच्या दाखल्यावर १९ तारीख होती व शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ११. दोन कागद जुळत नव्हते म्हणून त्यास रुजू करून घेत नव्हते. रजिस्टर काढून पाहिलें, तों अक्षर आमचेंच! घाईनें लिहितांना ९ चा १ झाला होता. मुलगा हात जोडून म्हणाला, “सर, एवढें एक वळण द्या, म्हणजे ११ चे १९ होतील. कोणास कळणारहि नाहीं.” खरेंच होतें. लेखणीचा एक फराटा पुरला असता, आणि तो फराटा सत्याच्याच बाजूचा होता. आमचें मन क्षणभर डळमळलें. परंतु ज्या रजिस्टरांत एक फराटा गुपचूप मारतां येतो, त्यांतील कोणत्याच आंकड्यावर मग कोणी विश्वास कां ठेवावा? आम्हीं त्याचा प्रवेशअर्ज जुन्या दप्तरांतून शोधून काढिला. त्यास जोडलेल्या दाखल्यावर १९ तारीख स्वच्छ होती. चूक आमची, असें लिहून दिलें व रीतसर परवानगी मागितली. तीन महिने लागले. नोकरी राहिली, पण त्या तीन महिन्यांचा पगार त्या गरीब घरास मिळाला नाहीं. ती आमच्या एका आंकड्याची किंमत होय, आणि ती भरली दुसऱ्यानेंच. तेव्हांपासून नवें नांव दाखल करितांना तारीख आंकड्यांत व अक्षरांत लिहून ती पालकांस मोठ्यानें वाचून दाखविल्याशिवाय आम्ही पान उलटीत नाहीं.

पालकांनीं करावयाचें काम थोडें आहे. एका संध्याकाळीं जन्माचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेंतील नोंदीचा उतारा व आधार कार्ड शेजारीं शेजारीं मांडावीं आणि एकेक अक्षर ताडून पाहावें. फरक आढळल्यास प्रथम मूळ सुधारावें, मग फांद्या. म्हणजे आधीं जन्माची नोंद, नंतर शाळा, नंतर इतर कागद. दहावीच्या परीक्षेपूर्वीं मंडळाची प्री-लिस्ट शाळेंत येते. ती विद्यार्थ्यांनीं स्वतः तपासून मगच सही करावी. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोंच घ्यावी व मूळ कागद हातचे सोडूं नयेत. जन्मनोंदणीच्या निबंधकाचा निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करितां येतें. ही सोय २०२३ च्या दुरुस्तीनें झाली. त्याच दुरुस्तीप्रमाणें १ ऑक्टोबर २०२३ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी इत्यादि कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच दाखवावा लागेल. तेव्हां घरांत धाकटें भावंड असेल तर त्याचा दाखला आजच नीट वाचून पाहा.

शेवटीं एक सूचना. खरी चूक सुधारून मागणें हा आपला हक्क आहे. त्यांत लाज नाहीं व कोणाची मेहेरबानीहि नाहीं. परंतु वय कमी दाखवून नोकरीचीं दोन वर्षें वाढवावीं, या हेतूनें ‘दुरुस्ती’ मागणें ही दुरुस्ती नव्हे, ती नवी चूक होय. महाराष्ट्र शासनाच्या सेवेंत शिरल्यावर पांच वर्षांनंतर जन्मतारीख बदलण्याचा अर्जच घेत नाहींत, त्याचें कारणहि हेंच.

विद्यार्थिमित्रांनो, वहींत चूक झाली म्हणजे तुम्ही पान फाडतां. यापुढें तसें करूं नका. चुकीवर एक साधी रेघ ओढा, शेजारीं बरोबर उत्तर लिहा व खालीं तारीख घाला. आपली चूक कबूल करून ती सुधारणाऱ्या माणसाच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, आणि वहीचेंहि तसेंच आहे.